युकॉन प्रदेशाच्या विधिमंडळातील जबाबदार शासनपद्धतीचा विकास

प्रस्तावना

जबाबदार शासनपद्धती हा संसदीय लोकशाहीचा गाभा मानला जातो. कार्यकारी सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांनी लोकनिर्वाचित सभागृहाला उत्तरदायी असावे आणि त्या सभागृहाचा विश्वास गमावताच सत्तेवरून दूर व्हावे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. भारतातील राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही संकल्पना प्रामुख्याने ब्रिटन व भारत यांच्या संदर्भात शिकविली जाते. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशाचा अनुभव मात्र आपल्याकडे फारसा चर्चिला गेलेला नाही. सुमारे ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट आकाराच्या या प्रदेशाची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार अवघी ४०,२३२ आहे. तरीही घटनात्मक विकासाच्या अभ्यासात या प्रदेशाला विशेष महत्त्व आहे. येथे जबाबदार शासनपद्धती घटनादुरुस्तीने आली नाही आणि संसदेच्या कायद्यानेही आली नाही. ती एका मंत्र्याने लिहिलेल्या पत्राने आली. असे का घडले, ते टिकले कसे आणि त्यातून कोणते प्रश्न निर्माण झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

कॅनडातील जबाबदार शासनपद्धतीचा उगम लॉर्ड डरहॅम यांच्या १८३९च्या अहवालात शोधला जातो. वसाहतीच्या अंतर्गत कारभारात गव्हर्नरने विधानसभेतील बहुमताच्या सल्ल्याने वागावे, असे त्या अहवालाचे सूत्र होते. १८४८ मध्ये नोव्हा स्कॉशिया येथे या तत्त्वावर आधारलेले पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. १८६७च्या घटनाकायद्याने कॅनडाचे संघराज्य निर्माण झाले. परंतु त्या कायद्यात पंतप्रधानपदाचा उल्लेखही नाही. मंत्रिमंडळाची सभागृहाप्रती असलेली जबाबदारी घटनात्मक संकेतांवर सोपविण्यात आली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ व १६४ मध्ये मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी स्पष्ट शब्दांत नमूद आहे. कॅनडात ती अलिखित आहे. युकॉनमधील घडामोडींचा अर्थ लावताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

दुसरा फरक प्रांत व प्रदेश यांमधील आहे. कॅनडातील प्रांतांना अधिकार घटनेपासून मिळतात. प्रदेशांचे अधिकार मात्र संघीय संसदेच्या सामान्य कायद्यातून निर्माण होतात व त्याच मार्गाने ते बदलता येतात. त्यामुळे प्रदेशाच्या विधिमंडळाचा प्रत्येक अधिकार हा तत्त्वतः दिलेला, म्हणून परत घेता येण्याजोगा असतो. युकॉनच्या इतिहासात ही शक्यता एकदा प्रत्यक्षातही उतरली.

नियुक्त मंडळाकडून निर्वाचित मंडळाकडे

१८९६च्या ऑगस्टमध्ये क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि हजारो माणसे उत्तरेकडे लोटली. तोपर्यंत हा भाग नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा घटक होता. मद्यविक्रीच्या परवान्यांचे उत्पन्न रेजायना येथील प्रादेशिक सरकारला मिळावे की ओटावातील संघीय सरकारला, असा वाद उद्भवला. या पार्श्वभूमीवर १३ जून १८९८ रोजी युकॉन हा स्वतंत्र प्रदेश निर्माण करण्यात आला. शासनाची सूत्रे ओटावाने नेमलेल्या कमिशनरकडे होती व त्याच्या साहाय्यार्थ असलेले मंडळही नियुक्त होते. येथील एक विसंगती लक्षणीय आहे. रेजायनातील विधानसभेला १८९७ मध्येच जबाबदार शासन प्राप्त झाले होते. म्हणजेच विभाजनामुळे युकॉनची जनता लोकनियुक्त सरकारच्या कक्षेतून निघून थेट संघीय अधिकाऱ्याच्या अमलाखाली आली.

खाणकामगार व व्यापारी यांच्या मागणीमुळे १९०० मध्ये मंडळात दोन निर्वाचित सभासद आले. १९०२च्या दुरुस्तीने निर्वाचित सभासदांची संख्या पाच झाली व १९०८च्या दुरुस्तीने दहा सभासदांचे पूर्णतः निर्वाचित मंडळ मान्य करण्यात आले. १९०९ पासून हे मंडळ कमिशनरविना, आपल्याच सभापतीच्या अध्यक्षतेखाली बसू लागले. वरवर पाहता हा मोठा विजय होता. प्रत्यक्षात मात्र कमिशनर सभागृहाबाहेर गेल्याने त्याला प्रश्न विचारण्याचे व्यासपीठच उरले नाही. खर्चाचे प्रस्ताव त्याच्याच शिफारशीने येत, प्रशासन त्याच्याच हाती राही आणि तो उत्तरदायी होता तो ओटावातील मंत्र्याला. प्रतिनिधित्व मिळाले, जबाबदारी मिळाली नाही. प्रातिनिधिक शासन आणि जबाबदार शासन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे युकॉनच्या या टप्प्यातून स्पष्ट होते.

माघारीचा कालखंड

सोन्याचा बहर ओसरताच प्रदेश रिकामा होऊ लागला. १९०१ मध्ये २७,२१९ असलेली लोकसंख्या १९११ मध्ये ८,५१२ व १९२१ मध्ये ४,१५७ इतकी उरली. पहिल्या महायुद्धाच्या आर्थिक ताणात ओटावाने १९१८ मध्ये कमिशनरचे पद रद्द करून त्याचे अधिकार गोल्ड कमिशनरकडे सोपविले. निर्वाचित मंडळ संपुष्टात आणण्याचाही घाट घातला गेला. स्थानिकांच्या विरोधानंतर मंडळ वाचले. परंतु १९१९ पासून त्याची सभासदसंख्या दहावरून तीनवर आली. पुढील सुमारे तीन दशके हेच तीन सभासद प्रदेशाचे विधिमंडळ होते.

लोकप्रतिनिधींच्या संस्था एकदा स्थापन झाल्या की त्या क्रमाने वाढतच जातात, असा एक समज घटनात्मक इतिहासाच्या मांडणीत आढळतो. युकॉनचा हा कालखंड त्या समजाला छेद देतो. संसदेच्या सामान्य कायद्यावर उभी असलेली संस्था किती सहज आकसू शकते, याची आठवण पुढील पिढीतील नेत्यांच्या मनात कायम राहिली. १९७०च्या दशकात अधिकारांची मागणी करताना केवळ सभासदसंख्या वाढवून न घेता कार्यकारी सत्तेतच वाटा मागण्यात आला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

कार्यकारी सत्तेत प्रवेश

१९४२ मध्ये अलास्का महामार्गाची उभारणी झाली आणि प्रदेशाचा गुरुत्वमध्य डॉसन सिटीकडून व्हाइटहॉर्सकडे सरकला. १९४८ मध्ये कमिशनरचे पद पुन्हा अस्तित्वात आले, १९५३ मध्ये राजधानी व्हाइटहॉर्सला हलली. मंडळाची सभासदसंख्या पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी पाच व १९६१ मध्ये सात झाली. १९६० मध्ये तीन निर्वाचित सभासदांची अर्थविषयक सल्लागार समिती नेमण्यात आली. अंदाजपत्रक तयार होत असतानाच त्यावर मत देण्याची संधी लोकप्रतिनिधींना प्रथमच मिळाली. सल्ला बंधनकारक नव्हता. तथापि बंद दाराच्या आत प्रवेश झाला होता.

निर्णायक पाऊल १९७० मध्ये पडले. कमिशनर, दोन सहायक कमिशनर आणि मंडळाचे दोन निर्वाचित सभासद अशी पाच जणांची कार्यकारी समिती स्थापन झाली. हिल्डा वॉटसन व नॉर्मन चेंबरलिस्ट या सभासदांकडे अनुक्रमे शिक्षण आणि आरोग्य व समाजकल्याण ही खाती आली. समितीत बहुमत नियुक्त अधिकाऱ्यांचे होते. शिवाय निर्वाचित सभासद दुहेरी पेचात सापडत. समितीत झालेल्या निर्णयाचे सभागृहात समर्थन करावे, तर इतर सभासद त्यांना कमिशनरची माणसे समजत. विरोध करावा, तर समितीतील स्थान निरर्थक ठरे. १९७४ मध्ये सभागृह बारा सभासदांचे झाले व समितीत तिसरा निर्वाचित सभासद आला. अधिकारी व लोकप्रतिनिधी यांची संख्या आता बरोबरीची झाली, तरी अध्यक्षस्थान कमिशनरचेच होते.

या व्यवस्थेचे मुंबई इलाख्यातील १९२१ नंतरच्या द्विदल राज्यपद्धतीशी असलेले साम्य मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. २० ऑगस्ट १९१७च्या माँटेग्यू घोषणेत जबाबदार शासनपद्धतीचे ध्येय ‘क्रमाक्रमाने’ गाठण्याचे अभिवचन होते. त्यानुसार शिक्षण, आरोग्य यांसारखी सोपीव खाती मंत्र्यांकडे व अर्थ, कायदा-सुव्यवस्था यांसारखी राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. युकॉनमध्येही प्रारंभी लोकप्रतिनिधींकडे आलेली खाती शिक्षण व आरोग्य हीच होती. पैसा आणि जमीन यांवरील ताबा शेवटी सोडायचा, ही वरिष्ठ सत्तेची प्रवृत्ती दोन्हीकडे समान दिसते.

पक्षपद्धती आणि १९७८ची निवडणूक

जबाबदार शासनासाठी सभागृहात एखाद्या गटाला स्थिर बहुमत असणे व्यवहारतः उपयुक्त ठरते. तोवर युकॉनमधील सभासद प्रायः अपक्ष म्हणून निवडून येत. २० नोव्हेंबर १९७८ रोजी सोळा जागांसाठी झालेली निवडणूक प्रथमच पक्षीय पातळीवर लढविली गेली. प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला अकरा, लिबरल पक्षाला दोन, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला एक व अपक्षांना दोन जागा मिळाल्या. विजयी पक्षाच्या नेत्या हिल्डा वॉटसन स्वतः मात्र पराभूत झाल्या व नेतृत्व ख्रिस पिअर्सन यांच्याकडे आले.

या निकालाने परिस्थिती पालटली. आता कार्यकारी समितीत बसणारे सभासद एका बहुमतवाल्या पक्षाचे प्रतिनिधी होते. त्यांच्यामागे मतदारांचा कौल होता. कमिशनरमागे फक्त नियुक्तिपत्र होते. कायद्याचे शब्द तेच राहिले, परंतु त्यांच्या आधारे पूर्वीप्रमाणे कारभार करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले.

९ ऑक्टोबर १९७९चे पत्र

जून १९७९ मध्ये कॅनडात सत्तांतर होऊन जो क्लार्क यांचे सरकार आले. इंडियन व्यवहार व उत्तर विकास खात्याचे मंत्री जेक एप यांनी ९ ऑक्टोबर १९७९ रोजी युकॉनच्या कमिशनर आयोन क्रिस्टेन्सन यांना एक पत्र पाठविले. कायद्यानुसार कमिशनर हे मंत्र्यांच्या सूचनांनी बांधलेले होते. या अधिकाराचा वापर करून मंत्र्यांनी पुढील आशयाच्या सूचना दिल्या. कमिशनरने दैनंदिन प्रशासनातून निवृत्त व्हावे. कार्यकारी समितीऐवजी निर्वाचित सभासदांचे कार्यकारी मंडळ असावे व त्यात कमिशनरने बसू नये. प्रदेशाकडे सोपविलेल्या सर्व विषयांत या मंडळाचा सल्ला कमिशनरने मान्य करावा. शासनप्रमुखास इच्छा असल्यास ‘प्रीमियर’ ही उपाधी वापरता यावी. थोडक्यात, कमिशनरचे स्थान प्रांतातील लेफ्टनंट गव्हर्नरसारखे, नामधारी व्हावे असा याचा अर्थ होता.

येथील युक्ती घटनात्मक दृष्ट्या सूक्ष्म आहे. कमिशनरला हुकूम देण्याचा जो अधिकार वसाहतवादी नियंत्रणाचे साधन होता, तोच अधिकार त्या नियंत्रणाच्या समाप्तीसाठी वापरण्यात आला. संसदेपुढे विधेयक न्यावे लागले नाही व प्रांतांची संमती घ्यावी लागली नाही. आयोन क्रिस्टेन्सन यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. इतका मोठा बदल पत्राद्वारे करावा काय, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला.

मूलनिवासींच्या संघटनेची हरकत वेगळ्या स्वरूपाची होती. १९७३ मध्ये एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने ओटावाला जाऊन जमिनीच्या हक्कांचे निवेदन सादर केले होते व त्यावरील वाटाघाटी अपूर्ण होत्या. सभागृहातील बहुमत बिगरमूलनिवासी वसाहतकारांचे होते. हक्कांचा निवाडा होण्यापूर्वीच या बहुमताच्या हाती सत्ता गेली तर जमिनीचा प्रश्न कायमचा बाजूला पडेल, ही त्यांची भीती होती. जबाबदार शासन म्हणजे नेमके कोणाला जबाबदार, हा प्रश्न या हरकतीने उपस्थित केला.

पत्राचे संकेतात रूपांतर

पत्र लिहून जेमतेम दोन महिने होतात तोच, १३ डिसेंबर १९७९ रोजी क्लार्क सरकार लोकसभागृहात पराभूत झाले. फेब्रुवारी १९८०च्या निवडणुकीत पिअर ट्रूडो पुन्हा सत्तेवर आले. एका मंत्र्याने दिलेल्या सूचना दुसरा मंत्री मागे घेऊ शकला असता. परंतु तसे झाले नाही. व्यवस्था एकदा रूढ झाल्यावर ती उलटविण्याची राजकीय किंमत मोठी होती. व्यवहारात पाळली जाणारी आज्ञा अशा रीतीने संकेत बनली.

या संकेताची खरी कसोटी मे १९८५ मध्ये लागली. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला. सोळापैकी आठ जागा मिळविणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी पेनिकेट शासनप्रमुख झाले व टेस्लिन येथील मूलनिवासी समाजातील सॅम जॉन्स्टन सभापती झाले. मतदारांनी सरकार बदलले आणि कोणत्याही नियुक्त अधिकाऱ्याच्या हस्तक्षेपाविना सत्तांतर पार पडले. जबाबदार शासनपद्धती रुजल्याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

असे असले तरी प्रदेशाच्या दर्जाची मर्यादा लवकरच जाणवली. १९८७च्या मीच लेक करारात नवा प्रांत निर्माण करण्यासाठी सर्व प्रांतांची एकमुखी संमती आवश्यक करण्याचा प्रस्ताव होता. त्या वाटाघाटींत प्रदेशांना स्थान नव्हते. पेनिकेट यांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु त्यांना यश आले नाही. आपल्या सभागृहाला जबाबदार असलेले सरकारही स्वतःच्या घटनात्मक भवितव्याबाबत निर्णय घेऊ शकत नव्हते. १९९० मध्ये तो करार बारगळल्याने हे संकट टळले.

कायद्याची मोहर आणि नव्या मर्यादा

मूलनिवासींच्या हक्कांबाबतचा सर्वसाधारण करार २९ मे १९९३ रोजी स्वाक्षरित झाला. त्याच्या चौकटीत पुढे चौदापैकी अकरा फर्स्ट नेशन्सनी आपापले अंतिम करार केले व स्वशासनाचे अधिकार मिळविले. १ एप्रिल २००३ रोजी जमीन, जंगल, पाणी व खनिजे यांचे प्रशासन संघीय सरकारकडून युकॉनकडे हस्तांतरित झाले. त्याच सुमारास नवा युकॉन कायदा अमलात आला आणि कार्यकारी मंडळाला प्रथमच कायद्याचे अधिष्ठान लाभले. १९७९ मध्ये पत्राने सुरू झालेल्या व्यवस्थेला विधिमान्यता मिळण्यास चोवीस वर्षे लागली.

तोपर्यंत जबाबदारीचा अर्थही विस्तारला होता. पील नदीच्या खोऱ्याबाबतचा वाद याचे उत्तम उदाहरण होय. या विस्तीर्ण खोऱ्याच्या बहुतांश भागाचे संरक्षण करावे, अशी शिफारस नियोजन आयोगाने २०११ मध्ये केली होती. युकॉन सरकारने ती बाजूला सारून २०१४ मध्ये स्वतःची योजना मंजूर केली. सभागृहात सरकारला बहुमत होते. म्हणजे पारंपरिक अर्थाने ते जबाबदार सरकारच होते. तथापि १ डिसेंबर २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, करारात ठरलेल्या प्रक्रियेला धरून सरकार वागले नाही, असा निर्णय देऊन ती मंजुरी रद्द ठरविली. १९७९ मध्ये मूलनिवासींनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर होते. सरकार सभागृहाला जबाबदार असतेच. शिवाय ते करारांनाही बांधील असते.

तौलनिक दृष्टिक्षेप

शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये हाच विकास वेगळ्या वाटेने झाला. तेथे १९७५ मध्ये पूर्णतः निर्वाचित मंडळ आले आणि कमिशनरची भूमिका हळूहळू कमी होत १९८६ पर्यंत कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद निर्वाचित नेत्याकडे आले. तेथे राजकीय पक्ष रुजले नाहीत. सर्व सभासद अपक्ष म्हणून निवडून येतात व तेच आपल्यातून प्रीमियर व मंत्री निवडतात. १ एप्रिल १९९९ रोजी निर्माण झालेल्या नुनावुत प्रदेशानेही हीच सहमतीची पद्धत स्वीकारली. यावरून पक्षपद्धती हा जबाबदार शासनाचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही, असे म्हणता येते.

मुंबई इलाख्याचा १९३७चा अनुभव येथे पुन्हा उपयोगी पडतो. १९३५च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता दिली, तरी गव्हर्नरचे विशेषाधिकार कायम होते. त्या अधिकारांचा वापर दैनंदिन कारभारात होणार नाही, असा खुलासा व्हाइसरॉयकडून जूनमध्ये झाल्यानंतरच काँग्रेसने पदग्रहण केले व बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्ये अधिकारावर आले. तेथेही कायदा न बदलता केवळ त्याच्या वापराविषयीच्या आश्वासनावर जबाबदार शासन उभे राहिले. युकॉनमधील आश्वासन टिकले. भारतात मात्र १९३९ मध्ये प्रांतिक सरकारांना न विचारता देश युद्धात ओढला गेला आणि मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. गोव्याची वाटचाल याहून निराळी आहे. तेथे १९६३च्या केंद्रशासित प्रदेश कायद्यान्वये विधानसभा व मंत्रिमंडळ आले आणि त्याच वर्षी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. प्रशासक व मंत्रिमंडळ यांत मतभेद झाल्यास अंतिम निर्णय राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्राकडे होता. ३० मे १९८७ रोजी घटकराज्याचा दर्जा मिळाल्यावर ही मर्यादा संपली. युकॉनला तसा दर्जा मिळालेला नाही.

समारोप

युकॉनच्या अनुभवातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निर्वाचित सभागृह आणि जबाबदार सरकार यांत मोठे अंतर असू शकते. युकॉनमध्ये १९०९ ते १९७९ अशी सत्तर वर्षे ते कायम होते. दुसरा असा की, संकेत हे कायद्याहून दुबळे असतातच असे नाही; पाळणाऱ्यांची सवय आणि मोडणाऱ्याला भोगावी लागणारी राजकीय किंमत यांवर त्यांचे बळ अवलंबून असते. १९१९ची काटछाट रोखू शकेल इतकी लोकशक्ती त्या वेळी प्रदेशात उरली नव्हती. १९८० मध्ये ती होती, म्हणून पत्र टिकले. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुमताला जबाबदार असलेले सरकार अल्पसंख्य मूलनिवासींना आपोआप न्याय देईल, अशी खात्री जबाबदार शासनपद्धती स्वतः देत नाही. त्यासाठी करार, न्यायालये आणि स्वशासनाच्या संस्था यांची जोड लागते. पाचव्या व सहाव्या अनुसूचीच्या संदर्भात भारतातही हाच प्रश्न वारंवार उभा राहतो. त्या दृष्टीने उत्तरेकडील या विरळ वस्तीच्या प्रदेशाचा अभ्यास भारतीय राज्यशास्त्राच्या अध्यापकांना निश्चितच उपयुक्त ठरेल.